रोझेलची पंगत

दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलवर परत आलं की पहिले दोन दिवस आमच्या विंगमध्ये कुणी मेसकडे फिरकत नाही. खोलीत वर्तमानपत्रं अंथरायची, मधे सगळ्यांचे डबे उघडून ठेवायचे आणि गोल करून बसायचं. सोलापूरची शेंगा चटणी, कोकणातल्या मित्राच्या आईचे तांदळाचे घावन (प्रवासात जरा चिवट झालेले!), बिहारच्या मित्राचा ठेकुआ, केरळच्या मित्राच्या घरची केळ्याची चिप्स. कुणाचा डबा कोणता हे पाच मिनिटांत कळेनासं होतं.

यंदा अशा जेवणानंतर मी लायब्ररीतून आणलेलं डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र वाचायला घेतलं आणि त्यातल्या एका जेवणापाशीच अडकलो. आनंदीबाई आपल्याला शाळेच्या धड्यातून माहीत असतात. अनेकांनी २०१९ सालचा चित्रपटही पाहिलाय. पण त्या अठराव्या वर्षी घर सोडून शिकायला गेलेल्या मुलगी होत्या, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाच्या होत्या, हे माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणचे जोशी हे त्यांचं घराणं. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं कितीतरी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना एकच वेड होतं, बायकोला शिकवायचं. आणि हे वेड साधंसुधं नव्हतं. छोटी आनंदी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्यांचा पारा चढायचा. या कारणावरून त्यांनी तिला मारल्याचंही चरित्रकार सांगतात. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका तेव्हा घरोघर होत्या. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी ही एकच म्हणायची! गोपाळरावांचं कौतुक करताना ही गोष्ट आपण गाळतो. मला ती गाळावीशी वाटत नाही, कारण पुढे जे घडलं ते याच चुलीपाशी येऊन मिळतं.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरकडे जायची लाज, अशी तेव्हाची परिस्थिती. डॉक्टर व्हायचं हे त्यांच्या मनानं घेतलं ते या दु:खातून.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का, असं विचारणारं. तो पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी मासिकात छापून आला. १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो जुना अंक त्यांनी चाळला आणि घरी येऊन थेट पत्र लिहिलं. ना ओळख, ना देख! पुढे तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. एक पत्र पोचायला कित्येक आठवडे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातो आहोत ते सांगितलं आणि हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, असं जाहीर केलं. हे सांगावं का लागलं? कारण समुद्र ओलांडणं हेच पाप मानलं जात होतं आणि त्याहून मोठा प्रश्न होता अन्नाचा. कुणाच्या हातचं खाल्लं, कुणाच्या पंक्तीला बसलात, यावर माणूस जातीत राहणार की बाहेर जाणार हे ठरायचं. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, तर तेवढ्यावरून ग्रामण्य उभं राहिलं. त्यात टिळक आणि रानडे यांचीही नावं होती. चहावरून जर एवढं, तर परदेशात वर्षानुवर्षं राहणाऱ्या मुलीचं काय?

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत नवरा नव्हता, घरचं कुणीही नव्हतं. मांसाहार करायचा नाही हे ठरलेलं, त्यामुळे बोटीवर ताटात फारसं काही पडायचं नाही. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून १८८३ ला, न्यूयॉर्क आलं. तिथून मावशींच्या घरी रोझेलला.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी खास माहिती : हे रोझेल म्हणजे तेच गाव, जिथे एडिसनच्या लोकांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. अशा तारांवर दिवे लागलेलं ते पहिलं गाव मानतात. आनंदीबाई पोचल्या तेव्हा ते दिवे लागून पाचच महिने झाले होते.

तो उन्हाळा त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. घरातल्या मुलांशी गट्टी जमली. आणि इथेच ते जेवण येतं, ज्याच्यापाशी मी अडकलो. जुलै महिन्यात त्यांनी मावशींच्या घरी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक केला आणि कार्पेंटरांच्या स्नेही मंडळींना जेवायला बोलावलं. टेबल-खुर्ची बाजूला. पाहुणे जमिनीवर पंगतीत बसले आणि हातानं जेवले!

जरा डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडचं पान वाढायचं म्हणजे त्याला एक ले-आउट असतो. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भात, वर वरण आणि तूप. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटसारखंच, जागा चुकली की आजी लगेच सांगते. काट्या-चमच्यांच्या माणसाला या सगळ्यात कुठून सुरुवात करायची हेसुद्धा कळणार नाही. मांडी घातली तर पाय अवघडतात, भाताचा घास बोटांतून निसटतो. त्या दिवशी रोझेलमध्ये अडाणी कोण होतं? पाहुणे! आणि इंग्रजी बोलताना स्वत:चे शब्द जपून वापरणारी, सगळ्यांच्या नजरा झेलणारी अठरा वर्षांची मुलगी त्या पंगतीची यजमान होती, शिकवणारी होती.

ज्या स्वयंपाकासाठी तिनं लहानपणी मार खाल्ला, त्याच स्वयंपाकानं परक्या देशातलं पहिलं घर तिला आपलं करून दिलं. आणि ज्या पंगतीचा उपयोग गावाकडे माणसं बाहेर काढायला होत होता, तीच पंगत तिनं माणसं आत घ्यायला मांडली. स्वत:चं व्रत मोडलं नाही, मांसाला हात लावला नाही, पण आपलं पान सगळ्यांसाठी मांडलं. मला या दोन गोष्टी एकत्र फार मोठ्या वाटतात.

पण प्रत्येक दिवस पंगतीचा नसतो. १८८३ च्या ऑक्टोबरपर्यंत त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रेमानं सांभाळलं, शिष्यवृत्तीही मिळाली. पण मावशींचं घर सुटलं होतं. खोली थंडगार. शेकोटी पेटवावी तर धूर कोंडायचा, न पेटवावी तर कडाका. शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल. अभ्यास मात्र डोंगराएवढा. डोकेदुखी, ताप, धाप असं एकेक मागे लागलं.

होस्टेलवर राहणाऱ्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. सबमिशनच्या आठवड्यात मेस बुडवून आपण बिस्किटांवर राहतो आणि घरी फोनवर जेवलो म्हणून सांगतो. आपल्याला निदान फोन आहे. त्यांचं पत्र घरी पोचेपर्यंत ताप येऊन गेलेला असायचा.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एम.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही त्यांना देण्यात आली.

पण तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये शोधला होता, पण त्याच्यावरचं औषध यायला अजून साठ वर्षं लागणार होती. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरची नोकरी त्यांना करता आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

यानंतरची एक गोष्ट फार थोड्या जणांना माहीत असते. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला, मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे. विचार करा, कार्पेंटर घरातल्या माणसांच्या ओळीत एक जोशी! ज्या बाईनं दाताच्या डॉक्टरकडे बसून एक अनोळखी पत्र वाचलं होतं, तिनं या मुलीला शेवटी आपल्याच घरच्यांच्या पंक्तीत जागा दिली.

हे वाचून झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. खोलीत चटणीचा वास अजून होता. आमच्या विंगमध्ये टोकाच्या खोलीत एक मुलगा राहतो. ईशान्येकडून आलाय, हिंदी मोजकीच बोलतो, मेसमध्येही एकटाच बसतो. आम्ही डबे घेऊन बसलो होतो तेव्हा तो दारावरून पाणी भरायला गेला होता. आमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली नव्हती. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली चकली घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चकलीकडे. मग कपाटातून एक बाटली काढली. आत घरचं बांबूच्या कोंबाचं लोणचं होतं. वास असा की डोळ्यांत पाणी आलं! पण चकलीबरोबर ते झकास लागतं, हे आता आख्ख्या विंगला माहीत झालंय. पुढच्या सुट्टीनंतर त्यानं दोन बाटल्या आणायचं कबूल केलंय.