वासुदेव बळवंत आणि ठासणीच्या बंदुका

१७ फेब्रुवारी हा वासुदेव बळवंत फडके यांचा स्मृतिदिन. आद्य क्रांतिकारक या बिरुदाचा त्या दिवशी उच्चार होतो, त्यांच्या धैर्याविषयी व देशप्रीतीविषयी भाषणे होतात. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ या बाजूच्या लोकांना तर हा पुरुष शेजारचाच वाटावा. पनवेलजवळच्या शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला आणि बालपणीचे काही शिक्षण कल्याणला झाले. त्यांच्या धैर्याबद्दल वाद नाही. परंतु एक अगदी साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, तो असा की, इंग्रजांच्या राज्याशी युद्ध पुकारणाऱ्या या मंडळींच्या हातांत होते तरी काय?

वासुदेव बळवंत हे व्यवसायाने कारकून होते. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि नातू सरकारी टेबलापाशी, हा त्या काळाने अनेक घराण्यांवर उगविलेला सूड होता. रेल्वे कंपनी, ग्रँट मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी थोडीथोडी नोकरी करून ते लष्कराच्या हिशेब खात्यात शिरले आणि १८६५ साली पुण्यास आले. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही, आईची शेवटची भेट झाली नाही, ही हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मात्र चरित्रांत एका ओळीत आटोपली जाते. सैन्याच्या पुरवठ्याचे कागद ज्या खात्यातून जात, तेथे या गृहस्थाने सुमारे १५ वर्षे लेखणी चालविली. फौज उभी करावयाची आणि पोसावयाची म्हणजे पैसा किती लागतो, हे पुण्यातल्या कोणत्याही वक्त्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असले पाहिजे.

लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते कसरत व हत्यारांचे हात शिकले. १८७६-७७ च्या दुष्काळात गावे ओस पडताना त्यांनी पाहिली. पुढे सुशिक्षितांकडून निराशा झाल्यावर ते रामोशांकडे वळले. यामागे एक व्यावहारिक कारणही दिसते. रामोशी हे गावचे राखणदार आणि किल्ल्यांचे पहारेकरी. नव्या राजवटीत त्यांची वतने व मान गेला, पण शस्त्राची सवय गेली नव्हती. जेथे थोडीफार हत्यारे शिल्लक होती, अशा मोजक्या समाजांपैकी तो एक होता.

थोडीफार म्हणजे कोणती? तलवारी, भाले, गोफणी, आणि काही तोड्याच्या वा ठासणीच्या बंदुका. पिकांतली डुकरे हाकलण्यासाठी, वाड्याच्या राखणीसाठी, क्वचित लग्नाच्या वरातीत बार काढण्यासाठी वापरात असलेली ही हत्यारे. त्यांतही १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा देशी माणसाचा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. वासुदेव बळवंतांचे बंड याच कायद्याच्या पाठोपाठ, १८७९ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तोड्याची बंदूक कशी चालते, हे आजच्या वाचकाला सांगावयास हवे. नळीच्या तोंडातून दारू घालावयाची, वर गोळी, मग गजाने ठासावयाचे. कानाशी रंजक भरावयाची आणि जळता तोडा तिला लावावयाचा. सरावलेल्या हातालाही एका बाराला बराच वेळ लागे, आणि पावसात तोडा विझला, रंजक भिजली, की हाती उरे ती काठी. याउलट सरकारी पलटणींजवळ तेव्हा स्नायडर बंदूक आली होती. तिच्यात काडतूस मागून घालीत, आणि कवायती शिपाई मिनिटाला दहाच्या आसपास गोळ्या झाडू शके. १८५७ च्या धड्यावरून इंग्रज देशी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनी बंदूक देत. म्हणजे गोऱ्या पलटणींकडे स्नायडरच्याही पुढची मार्टिनी-हेन्री होती!

घरची बंदूक घेऊन रणावर जाण्याचा प्रसंग केवळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ साली, दक्षिणेकडील कित्येक स्वयंसेवक शिकारीच्या दुनळ्या आणि आज्यापणज्याच्या चकमकीच्या बंदुका घेऊन भरती झाले. १९ जानेवारी १८६२ रोजी केंटकीतील मिल स्प्रिंग्जच्या लढाईत पाऊस पडला आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या चकमकी पेटेचनात. पण त्या लोकांच्या पाठीशी एक सरकार होते, कापूस होता, आणि विलायतेहून एनफील्ड रायफली आणणारी जहाजे होती. वासुदेव बळवंतांना बंदर नव्हते आणि खजिनाही नव्हता.

म्हणून धामारीची लूट आणि नंतरचे दरोडे. या दरोड्यांमुळे काही लोक आजही त्यांच्या नावापुढे अडखळतात. लुटल्या गेलेल्या सावकाराच्या घरातही बायकामुले होती, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा हेतू पैसा जमवून पगारी माणसे, घोडे व शस्त्रे उभी करण्याचा होता, हे त्यांच्या स्वतःच्या रोजनिशीवरून स्पष्ट होते. सरकारने पुढे तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली. हिशेब बरोबर होता, माणसांचा अंदाज मात्र चुकला. लुटीतला वाटा हाती पडला की पुष्कळसे साथीदार घरची वाट धरू लागले. उपाशी माणसाला त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईकाने कोकणात उतरून पनवेलजवळची पळस्पे व चिखली लुटली. परतताना घाटात मेजर डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले आणि तो मारला गेला. उजवा हात तुटल्यावर वासुदेव बळवंत श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे गेले, आणि तेथून परतल्यावर त्यांनी निजामाच्या मुलखातील रोहिल्यांशी बोलणी आरंभिली. रोहिले हे पेशाचे लढवय्ये. घरगुती बंदुकांवर भागत नाही हे या कारकुनाला आता पुरते कळून चुकले असावे. पण तेवढी सवड मिळाली नाही. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावदगी येथे, तापाने व श्रमाने थकून झोपलेले असताना, डॅनियलने त्यांना पकडले.

पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला नेण्यात आले. १८८० च्या ऑक्टोबरात त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पलायन केले, परंतु ते लगेच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. १८७८ चा हत्यारांचा कायदा त्यांच्यामागे आणखी ७६ वर्षे जगला. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठरावांमागून ठराव झाले, राज्य गेले, स्वराज्य आले, आणि मग कुठे १९५९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.