वाऱ्याची परीक्षा घेणारा वैज्ञानिक

विमान असो वा अग्निबाण, आकाशात झेपावण्यापूर्वी त्याची कसोटी जमिनीवरच, वातविवर अर्थात ‘विंड टनेल’मध्ये लागते. प्रा. सतीश धवन यांनी ही सोय भारतात स्वनातीत वेगासाठी प्रथम निर्माण केली.

२५ सप्टेंबर १९२० रोजी श्रीनगर येथे जन्मलेल्या धवन यांनी लाहोरमध्ये गणित, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. अमेरिकेतील ‘कॅलटेक’मधून १९५१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले आणि तेथे देशातील पहिले स्वनातीत वातविवर साकारले. पुढे १९६७ मध्ये राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १.२ मीटरचे वातविवर सुरू झाले. टाक्यांत दाबून साठवलेली हवा आधी निमुळत्या, मग रुंदावणाऱ्या मार्गातून सुटते आणि ध्वनीच्या चौपट वेगापर्यंत पोहोचते. प्रयोगाला मिळतात ते मोजके सेकंद! भारतीय अग्निबाणांची प्रारूपे येथेच पारखली गेली.

१९७२ मध्ये ‘इस्रो’ची धुरा त्यांच्याकडे आली. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’चे पहिले उड्डाण फसले, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली, १८ जुलै १९८० च्या यशानंतर मात्र डॉ. कलाम यांना पुढे केले.

३ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. श्रीहरिकोटा येथील अवकाश केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.