सर जेम्स सिम्सन आणि भूल देणारे औषध

देगलूरकडील शेतकरी दिवसभर राबून कितीही गाढ निजला, तरी बहुधा कोंबडा आरवण्याच्या सुमारास आपोआप जागा होतो. साध्या निद्रेत देह काळाची मोजणी सोडीत नाही. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या मनुष्याची गोष्ट निराळी आहे. दोन तास लोटले की दोन पळे, हे त्यास सांगता येत नाही, आणि म्हणून पुष्कळ लोक त्या निद्रेस भितात.

जेम्स यंग सिम्सन यांचा जन्म 1811 साली स्कॉटलंडातील बाथगेट गावी एका पाववाल्याच्या घरी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते एडिंबरोच्या विद्यालयात गेले. तेथे एका गरीब स्त्रीचे स्तन शुद्धीवर असतानाच कापलेले पाहून त्यांचे मन इतके विटले की वैद्यकी सोडून वकिली शिकावी असे त्यांस वाटले. तथापि ते परतले, आणि ही वेदना टाळता येईल काय, हा ध्यास त्यांनी घेतला.

अमेरिकेत 1846 साली ईथरचा उपयोग झाला होता. सिम्सन त्याहून बरे औषध शोधीत होते. 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री ते व त्यांचे दोन सोबती, कीथ व डंकन, जेवणाच्या मेजाभोवती बसून क्लोरोफॉर्म हुंगू लागले. प्रथम हास्यविनोद झाला, मग तिघेही जमिनीवर कोसळले. जागे झाल्यावर मधला काळ कोणासही आठवेना. आठवण हरवली असे म्हणणे बरोबर नाही. भुलीत ती मनावर उमटतच नाही. आजची काही औषधे तर अशी आहेत की रुग्ण विचारलेल्यास उत्तर देतो, पण मागाहून त्यास त्यातले काही स्मरत नाही.

प्रसूतीत क्लोरोफॉर्म देताच कित्येकांनी शास्त्राचा आधार घेऊन आक्षेप आणला की स्त्रीने वेदना सोसावी अशीच ईश्वराची आज्ञा आहे. सिम्सन यांनी त्याच उत्पत्तीच्या पुस्तकातून उत्तर दिले: आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्यास गाढ निद्रा आणली होती. 1853 साली व्हिक्टोरिया राणीने प्रसूतिसमयी ते औषध घेतले, तेव्हा विरोध पुष्कळ निवळला. सिम्सन 1870 साली वारले.

पुढे आपल्याच मुलखाच्या राजधानीत या औषधाची परीक्षा झाली. देगलूर 1948 पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्या हैदराबादेत 1888 व 1889 साली डॉ. लॉरी यांनी चौकशी मंडळे बसविली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदयास थेट धोका नाही, असा त्यांचा निर्णय होता. तो पुढे चुकीचा ठरला. हृदयही एकाएकी बंद पडू शकते. आता रुग्णास क्लोरोफॉर्म देत नाहीत, आणि भूल देणारा दाक्तर सर्व वेळ रुग्णाच्या उशाशी राहून श्वास व नाडी या दोहोंवर लक्ष ठेवतो.