सैतान जेरबंद, तरी लढाई सुरूच

रमजान महिना सुरू झाला की सैतानाला साखळदंड घातले जातात, असे हदीसमध्ये सांगितले आहे. तरीही या महिन्यात खोटे बोलले जाते, मापात मारले जाते, भावाभावांतला अबोला सुटत नाही. सैतान कैदेत असेल तर हे कोण करवते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी मुलखातले एक सूफी संत हमखास आठवतात. ते म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म झाला. वडील राजेमहंमद, आई फुलाई. कादरी परंपरेतले चाँद बोधले हे त्यांचे गुरू. पुढे शेख महंमद श्रीगोंद्यात स्थिरावले. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची त्यांच्यावर श्रद्धा होती, असे परंपरा सांगते.

काळ मोठा कठीण होता. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खन होरपळले. १६३६ मध्ये निजामशाही संपली. अशा दिवसांत संकटाचे खापर कुणाच्या तरी माथी फोडावेसे वाटते. कुणी भुताखेतांना दोष देतो, कुणी दैवाला, कुणी सैतानाला. भोंदू गुरू आणि ढोंगी फकीर यांचे फावते ते अशाच वेळी. शेख महंमदांनी दोघांवरही कोरडे ओढले. आपला कोण, परका कोण, हे पाहिले नाही.

१६४५ मध्ये त्यांनी ‘योगसंग्राम’ हा अठरा अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. नावात संग्राम आहे, पण ही लढाई कोणत्याही किल्ल्यावरची नाही. ती माणसाच्या आत चालते. काम, क्रोध, लोभ, अहंकार हे तिथले शत्रू आहेत. शत्रू घरातलाच असल्यावर बाहेरच्या कुणाकडे बोट कसे दाखवणार?

सूफी ज्याला नफ्सशी झुंज म्हणतात, तीच ही झुंज. शेख महंमदांनी ती शेतकऱ्याला, बलुतेदाराला कळेल अशा मराठीत आणली. कुराणातली आदम आणि इब्लीस यांची कथा याच्याशी जुळते. चूक दोघांच्याही हातून झाली. इब्लीसने आपल्या बहकण्याचा दोष थेट अल्लाहवर ढकलला. आदम आणि हव्वा यांनी मात्र इब्लीसचे नावही न घेता, आम्हीच स्वतःवर जुलूम केला, अशी कबुली दिली आणि माफी मागितली. म्हणजे आपल्या चुकीसाठी दुसऱ्याला पुढे करणे हीच मुळात सैतानाची रीत. कयामतच्या दिवशी तर सैतान स्वतःच हात झटकणार आहे. आपण फक्त हाक दिली, आलात तुम्ही. आता दोष स्वतःला द्या, असे तो सांगेल, हेही कुराणात आले आहे.

समर्थ रामदासांनी शेख महंमदांचा गौरव केला. श्रीगोंद्यातील त्यांच्या समाधीवर आजही हिंदू आणि मुस्लिम दोघेही माथा टेकतात.

श्रीगोंदा असो की पनवेलजवळचे सुकापूर, दिवसभराच्या तहानेनंतर रोजेदार खजूर हातात घेतो, तेव्हा त्या दिवसाचा हिशेब त्याच्यासमोर असतो. कुणाला टाकून बोललो, कुणाचे देणे थकवले, हे त्याला ठाऊक असते. त्या हिशेबात सैतानाच्या नावाचा रकाना नसतो. ज्याचे देणे थकले, त्याला ते देऊन टाकावे. ज्याला दुखावले, त्याच्या दारी ईदच्या आधी जाऊन यावे.