काळोखातील ठिणगी

डहाणूच्या बाजारपेठेतील सोनाराच्या दुकानापुढे क्षणभर उभे राहा. सोने पिवळे दिसते, चांदी शुभ्र. आणि तलासरीकडच्या एखाद्या घरातील पाण्याचा तांब्याचा हंडा लालसर. तिन्ही धातू विजेचे उत्तम वाहक. मग त्यांचे रंग असे भिन्न का? याचे उत्तर धातूच्या अंतरंगात दडलेले आहे. तेथे जाण्याची वाट ज्याला नकळत सापडली, तो जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे हाइनरिख हर्ट्‌झ. आकाशवाणीवर ऐकू येणारा किलोहर्ट्‌झ हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे.

हर्ट्‌झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हँबर्ग शहरी झाला. वडील वकील होते. मुलगा अभ्यासात हुशार. अरबी भाषाही तो आवडीने शिकला. पण सुतारकामातही त्याचा हात तितकाच चाले, आणि उपकरणे स्वतः घडविण्याची ही सवय त्याला पुढे फार उपयोगी पडली. बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्‌झ या थोर गुरूजवळ त्याचे शिक्षण झाले आणि १८८५ साली तो कार्ल्सरूह येथे प्राध्यापक झाला.

विजेच्या लहरी अवकाशातून प्रवास करतात, असे मॅक्सवेलने गणिताने सांगितले होते. प्रत्यक्ष प्रमाण मात्र कोणी दिले नव्हते. हर्ट्‌झ एका यंत्रात मोठी ठिणगी पाडी आणि काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत बारीकशी ठिणगी उमटते का, ते पाही. ती नीट दिसावी म्हणून १८८७ साली त्याने फटीभोवती काळोखी पेटी बसविली. तो काय आश्चर्य! ठिणगी पूर्वीपेक्षाही आखूड झाली.

दुसऱ्या कोणी पेटी फेकून दिली असती, कारण मुख्य संशोधन ऐन रंगात आले होते. हर्ट्‌झने ते बाजूला ठेवले आणि कित्येक आठवडे या एका अडचणीचा पाठपुरावा केला. पेटीची एकेक बाजू काढून पाहिली. मध्ये काच धरली, तर ठिणगी खुंटे. क्वार्ट्‌झचा स्फटिक धरला, तर खुंटत नसे. यावरून मोठ्या ठिणगीतून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण धातूवर पडले की लहान ठिणगी सहज उडते, हे त्याने सिद्ध केले. असे का होते, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने तर्क लढविले नाहीत. जे दिसले तेवढेच लिहून तो पुन्हा लहरींकडे वळला. हा संयम मला लहरींच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

१८८८ साली लहरींचे प्रमाण मिळाले आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढच्या वर्षी तो बॉन येथे गेला. परंतु १८९२ पासून दुखण्याने त्याला गाठले. शस्त्रक्रिया झाल्या, तरी गुण आला नाही. तशा स्थितीतही यंत्रशास्त्रावरील ग्रंथ त्याने पुरा करीत आणला. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाची सदतीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, तो निवर्तला. मागे पत्नी आणि दोन लहान मुली होत्या.

पुढच्याच वर्षी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि १८९७ साली टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. किरण पडताच धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे मग कळले. त्याची उपपत्ती १९०५ साली आइन्स्टाइनने दिली. स्वीडनमधील उप्साला येथे काई सीगबान याने १९५० नंतरच्या दशकात क्ष-किरणांनी उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अत्यंत बारकाईने मोजली. यातील हिशेब सोपा आहे. समजा, एक प्रवासी शंभर रुपये घेऊन निघाला आणि तलासरीपुढचा सीमेवरील नाका ओलांडल्यावर त्याच्याजवळ साठ उरले. तर नाक्यावर चाळीस दिले, हे न विचारता कळते. त्याचप्रमाणे किरणाने दिलेली ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनाजवळ उरलेली ऊर्जा यांच्या वजाबाकीवरून तो धातूत किती खोल बांधलेला होता, ते समजते.

सोने, चांदी व तांबे यांची अशी परीक्षा झाली, तेव्हा त्यांच्यातील एका इलेक्ट्रॉन-समूहाचा थर चांदीत बराच खोल, तर सोन्यात आणि तांब्यात पुष्कळ वर असल्याचे दिसले. चांदीतील इलेक्ट्रॉनांना तेथून उचलण्यास साधा प्रकाश अपुरा पडतो. म्हणून चांदी सगळेच रंग परत फेकते आणि शुभ्र दिसते. सोन्यातील इलेक्ट्रॉन निळा व जांभळा प्रकाश गिळून वर चढतात. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो, तो पिवळा.