अंबादासपंतांनी घडविले व्यायामशिक्षक

अमरावती : जुन्या आखाड्यात वस्ताद सांगेल ती पूर्व, पोट्टे मुकाट्याने घाम गाळायचे. विद्या मात्र वस्तादासोबतच संपायची. अमरावतीच्या अंबादासपंत वैद्यांनी बंधू अनंतरावांसह १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. माती, मल्लखांब, लाठी, लेझीम सोडले नाही. पण त्याला अभ्यासक्रमाची जोड देऊन मंडळाने व्यायामशिक्षक तयार केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने आपल्या हुतूतूची, म्हणजे कबड्डीची, प्रात्यक्षिके केली.

आज पोट्टे मोबाइलात अन् म्हातारे त्यांना नावं ठेवण्यात गुंतलेत. नावं ठेवून कोणी मैदानात येत नाही. सरपंचांनो, तालमीची डागडुजी कराच. पण आधी शिकवणारा माणूस उभा करा. अंबादासपंतांनी तेच केलं.