विला कॅथर : पत्रे झाकून ठेवणारी लेखिका

अमेरिकेतील थोर कादंबरीकार विला कॅथर यांचे चरित्र स्मरणिकेसाठी लिहावयास घेतले तेव्हा आरंभीच एक अडचण उभी राहिली. आपली पत्रे कोणी छापू नयेत, त्यांतील उतारेही कोठे देऊ नयेत, असे या बाईंनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवले होते. जिचे चरित्र सांगावयाचे तिनेच दाराला आतून कडी लावलेली! तरीही त्यांच्याविषयी आज पुष्कळ माहिती मिळते. ती कोणी आणि कशी गोळा केली, हेही चरित्राइतकेच ऐकण्याजोगे आहे.

विलाचा जन्म ७ डिसेंबर १८७३ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. सात भावंडांत ती थोरली. १८८३ साली, ती नऊ वर्षांची असताना, कुटुंब डोंगरझाडींचा हिरवा मुलूख सोडून नेब्रास्काच्या उघड्या माळावर आले. जिकडे पाहावे तिकडे गवत आणि वारा. घरे म्हणजे मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपा एकावर एक रचलेली. शेजार स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन व बोहेमियन शेतकऱ्यांचा; त्यांची भाषा कळत नसे. पण ही मुलगी घोड्यावर बसून त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊन बसे. कोणी लोणी काढीत असे, कोणी पाव भाजीत असे, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत मागे राहिलेल्या देशाच्या गोष्टी चालत. पुढील सारी शिदोरी तिने तेथेच बांधून घेतली, असे मला वाटते.

दीडेक वर्षाने कुटुंब जवळच्या रेड क्लाउड गावी भाड्याच्या घरात राहावयास गेले. पोटमाळ्यावरील एक चिंचोळी खोली विलाला मिळाली. औषधांच्या दुकानात काम करून त्या मजुरीच्या बदल्यात तिने गुलाबाच्या फुलांचा भिंतीचा कागद घेतला आणि स्वतःच्या हातांनी तो खोलीला चिकटविला. त्याच वयात तिने केस मुलासारखे कापले, डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला आणि सही विल्यम कॅथर अशी करू लागली! गावाने नाके मुरडली असतील. तिने पर्वा केली नाही.

शेजारच्या घरी ॲना सादिलेक नावाची बोहेमियन मुलगी कामाला होती. नव्या मुलखात तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. पुढे लग्न होऊन तिने शेतावर मुलाबाळांचा मोठा संसार उभा केला. १९१८ साली निघालेल्या ‘माय अँटोनिया’ची नायिका ती हीच. घरकाम करणारी मुलगी कादंबरीच्या मध्यभागी बसविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

लिंकन येथील विद्यापीठातून १८९५ साली पदवी घेतल्यावर विलाबाईंनी पिट्सबर्गला स्त्रियांच्या एका मासिकाचे काम पाहिले, मग शाळेत शिकविले. १९०६ साली त्या न्यू यॉर्कच्या ‘मॅक्ल्युअर्स’ या नावाजलेल्या मासिकात गेल्या. पगार उत्तम, मान मोठा. पण स्वतःचे लिहिणे मागे पडले. सारा ऑर्न ज्युएट या वडीलधाऱ्या लेखिकेने त्यांना पत्र लिहून हे सावधपणे ध्यानात आणून दिले. पहिली कादंबरी १९१२ साली निघाली तेव्हा विलाबाई चाळिशीला टेकल्या होत्या. पुढील वर्षी ‘ओ पायोनियर्स!’ आली आणि १९२३ साली ‘वन ऑफ अवर्स’ला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ईडिथ लुईस या मैत्रिणीबरोबर त्यांनी सुमारे चाळीस वर्षे एकच घर चालविले. लुईसबाईंना चरित्रकार दीर्घकाळ नुसती सोबतीण समजत. पुढे कादंबऱ्यांच्या टंकलिखित प्रती तपासताना त्यांवर लुईसबाईंच्या हातच्या कितीतरी दुरुस्त्या सापडल्या!

२४ एप्रिल १९४७ रोजी विलाबाई वारल्या. त्यानंतर माहिती गोळा करणाऱ्यांत पहिली म्हणजे मिल्ड्रेड बेनेट. ही त्या भागात शिक्षिका म्हणून आलेली, नंतर रेड क्लाउडच्या एका डॉक्टरांची पत्नी. जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटून तिने १९५१ साली पुस्तक काढले आणि १९५५ साली गावातील मंडळींसह स्मारक संस्था स्थापन केली. भाड्याचे ते घर वाचले, गुलाबाचा कागदही वाचला. आपल्यासारख्या मंडळाच्या भगिनींना या बाईचे काम विशेष कळेल.

पत्रांचे मात्र मोठे कठीण झाले. विलाबाईंनी सगळी जाळली असा समज होता, पण नातेवाइकांकडे आणि ग्रंथालयांत मिळून सुमारे तीन हजार पत्रे शिल्लक निघाली. अभ्यासकांनी ती जाऊन वाचावी, पण शब्द एकही उद्धृत करू नये! २००२ साली जॅनिस स्टाउट यांनी सुमारे १८०० पत्रांचे नुसते सारांश छापले. सारांश म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला निरोप. त्यात ज्याच्या त्याच्या मनाचे मिसळतेच. २०११ साली हक्क सांभाळणारा पुतण्या वारला, आणि २०१३ साली स्टाउट व अँड्र्यू ज्युएल यांनी ५६६ पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हे आपण त्यांच्या इच्छेविरुद्ध करीत आहोत, असे संपादकांनी मोकळेपणी सांगितले.

हे योग्य झाले का? माझ्या मते झाले. भाऊ डग्लस आणि जिवलग मैत्रीण इझाबेल ही दोघे १९३८ सालीच गेली. त्या दुःखाने खचलेली बाई पत्रांतून दिसते. एरवी चरित्रकारांनी तिला केवळ करारी आणि तुसडी ठरविले असते. पण मृताची इच्छाही हलकी नसते. म्हणून या लेखात त्यांच्या पत्रातील एक ओळही मी घेतलेली नाही.

एका गोष्टीत बाईंचेच चालले. वय थोडे कमी सांगण्याची त्यांना सवय होती. त्या जन्मसाल १८७६ सांगत. वडिलांचे जानेवारी १८७४ मधील एक पत्र सापडले, त्यात तान्ह्या मुलीचा उल्लेख आहे, तेव्हा खरे साल निश्चित झाले. परंतु न्यू हॅम्पशायरमधील जॅफ्री गावी त्यांची समाधी आहे, तिच्या दगडावर १८७६ हेच साल कोरलेले आहे. १९७२ साली वारलेल्या लुईसबाईंनाही तेथेच, त्यांच्या पायांशी, मूठमाती दिली.